मांडीचा आलेख

आनंदीने खांबाला धडक दिली की खांबाने आनंदीला, यावर खो-खो मंडळात शेवटपर्यंत एकमत झालं नाही. चिटणीस संपतरावांचं म्हणणं असं, की खांब गेली चौतीस वर्षं आहे तिथेच उभा आहे आणि त्याच्याविरुद्ध आजवर एकही लेखी तक्रार आलेली नाही. उलट आनंदी त्या मैदानावर उतरली ती एकवीस वर्षांनी. तेव्हा संशयाचा फायदा खांबालाच मिळायला हवा.

झालं होतं ते एवढंच. बुधवारी संध्याकाळच्या सरावात, खो-खोचा खांब एका हाताने धरून गर्रकन वळायचं असतं, ते वळताना आनंदीचा हात तिच्या बाविसाव्या वर्षी जिथे पोचायचा तिथे बरोबर पोचला. बाकीची आनंदी मात्र त्रेचाळिसाव्या वर्षी जिथे होती तिथेच राहिली. खांब उजव्या मांडीत बसला. तो आवाज ऐकून मैदानाबाहेरच्या शेंगदाणेवाल्याचा हात कढईत थांबला. "काही नाही, काही नाही," म्हणत आनंदी उठली, दोन पावलं ताठ मानेने चालली, आणि तिसऱ्या पावलाला, जणू तिथेच बसायचं आधीपासून ठरलं होतं अशा थाटात, मातीत बसली.

एका सरकारी कार्यालयातल्या वरिष्ठ लिपिक बाईंनी या वयात खो-खो खेळायचं कारण म्हणजे अण्णा. आनंदीचे वडील गोपाळकृष्णसर दिवसा शाळेत गणित शिकवायचे आणि संध्याकाळी या मैदानावर खो-खो. असं त्यांनी सदतीस वर्षं केलं. मागच्या पौषात ते गेले. जाण्याआधी त्यांनी एकच ताकीद देऊन ठेवली होती: "माझ्यामागे शोकसभा घ्यायची नाही. घ्यायचाच असेल तर सामना घ्या. भाषणांत बोलणाऱ्याला दम लागत नाही, म्हणून ती संपत नाहीत." त्यामुळे वर्षाने, जानेवारीतल्या शेवटच्या रविवारी, जुन्या खेळाडूंचा सामना ठरला. अण्णांच्या हयात विद्यार्थ्यांतून दोन संघ काढले. आनंदीला तिची जुनी जागा मिळाली: रांगेतला आठवा चौकोन, अगदी खांबाशेजारचा. तिला त्या सामन्यात बसायचंच होतं. अण्णांच्या दहाव्याला, तेराव्याला, वर्षश्राद्धाला तिने सगळं नीट केलं होतं; पण ते सगळं कुणाच्याही वडिलांसाठी करतात. हे एकच असं होतं, की जे फक्त अण्णांसाठी होतं.

सामन्याला पंचवीस दिवस होते.

डॉक्टर देवस्थळीबाई मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी मांडी पाहिली, गुडघा हळूहळू वाकवून पाहिला, आनंदी किंचाळली तिथे थांबल्या.

"हाड शाबूत आहे. मांडीच्या पुढच्या स्नायूला मार बसलाय आणि आत रक्त साकळलंय. दोन-दोन तासांनी फडक्यात बांधून बर्फ, वीस मिनिटं. वर पट्टी. गुडघा सोसेल तेवढा वाकवून ठेवायचा, सरळ ताणून नाही. आणि नीट ऐका. चोळायचं नाही, शेकायचं नाही, तेल लावायचं नाही."

"चोळलं तर?"

"आतलं रक्त वाढेल. आणि नशीब फारच जोरावर असेल तर तिथे हाड तयार होईल. स्नायूत. हाड हवंय का?"

आनंदीने हाड नको असल्याचं सांगितलं आणि सामन्याचं विचारलं.

"आत्ता तुमचा गुडघा साठ अंशांपर्यंत वाकतोय. तीन आठवड्यांनी न दुखता उकिडवं बसता आलं, तर या. मी लिहून देईन. नाही बसता आलं, तर प्रेक्षकांसाठी खुर्च्या असतीलच."

सोबत आलेले आनंदीचे यजमान श्रीनिवास हे पाटबंधारे खात्यात आरेखक होते. बाकी सगळं त्यांच्या डोक्यावरून गेलं. 'साठ अंश' हे दोन शब्द मात्र थेट काळजात गेले. घरी येताच त्यांनी मुलाची कंपासपेटी उघडली, त्यातला कोनमापक फारच लहान म्हणून कार्यालयातला मोठा आणायचं ठरवलं, आणि आलेखाचा कागद काढला. आडव्या अक्षावर दिवस, उभ्या अक्षावर अंश. खाली मांडीच्या रंगासाठी एक वेगळी पट्टी, ती रंगीत पेन्सिलींनी भरायची. एकशे तीस अंशांवर त्यांनी लाल रेघ मारली आणि तिच्यावर सुबक अक्षरांत लिहिलं: 'उकिडवे'.

"अहो, हे लावणार कुठे?"

"दिवाणखान्यात. दुसरीकडे खिळा नाही."

खिळा होता तो अण्णांच्या फोटोखाली. आलेख तिथे लागला. आनंदीला ते अजिबात पसंत नव्हतं, पण खिळा मारायला भिंत ठोकली तर खालचे सबनीस लगेच चिठ्ठी पाठवतात, हेही खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. पुण्यात गुरुवारी वीज जाते, हे पुण्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. पण बुधवारी धडपडू नये, हे मात्र कुणीतरी सांगायला हवं होतं. सकाळी नऊला शीतकपाट बंद पडलं, अकराला बर्फाच्या ट्रेमध्ये नुसतं पाणी उरलं. बर्फ म्हटल्यावर नाव एकच, मंडईमागचे मकबूलभाई. त्यांच्या वडिलांपासूनचा बर्फाचा धंदा, आणि ते अण्णांच्या सर्वांत जुन्या खेळाडूंपैकी. श्रीनिवास स्टीलचा डबा घेऊन लूनावरून गेले.

मकबूलभाईंनी डब्याकडे पाहिलं. मग श्रीनिवासांकडे पाहिलं.

"सरांच्या मुलीला डब्यातून बर्फ? श्रीनिवासराव, मंडईत मला तोंड दाखवायचंय."

"तिला वीस मिनिटांपुरताच हवाय हो."

"सर म्हणायचे, मार लागला की बर्फ. माझी मांडी सरांनी बर्फावरच बरी केलीय, चौसष्ट साली. दुसरं औषध नाही." असं म्हणून त्यांनी अर्धी लादी गोणपाटात गुंडाळली आणि लूनाच्या पायांमधल्या जागेत बसवून दोरीने आवळली.

मंडई ते सहकारनगर हे अंतर तसं फार नाही. पण जानेवारीच्या सकाळी दोन्ही पोटऱ्यांमध्ये वीस किलो बर्फ धरून ते कापून पाहावं. श्रीनिवास घरी पोचले तेव्हा त्यांना आपले पाय आहेत हे खाली पाहूनच कळत होतं. जिन्यातून लादी वर न्यायला दोन शेजारी लागले आणि श्रीनिवासांना वर न्यायला एक. त्या दुपारी घरात दोन रुग्ण होते: एकाला बर्फ लावत होते आणि दुसऱ्याला गरम पाण्याची पिशवी, आणि दोघांची अदलाबदल होऊ नये म्हणून आनंदीची आई प्रेमलाबाई मध्ये खुर्ची टाकून बसल्या होत्या.

उरलेली लादी न्हाणीघरात ठेवली. ती रात्रभर शांतपणे वितळली. सकाळी दाराखालून चिठ्ठी आली. 'आपल्या न्हाणीघरातून आमच्या देवघरावर थेंब पडत आहेत. देवांना रोजचा अभिषेक पुरेसा आहे. – सबनीस.'

शुक्रवारपासून माणसं यायला लागली. आनंदी दिवाणखान्यातल्या दिवाणावर, गुडघ्याखाली दोन लोड आणि वरून शाल, अशी बसलेली असे. कुणी आलं की आधी तिच्याकडे बघे, मग अण्णांच्या फोटोकडे, मग नजर खाली सरकून आलेखावर येई आणि तिथेच थांबे. 'मांडी' हा शब्द कुणी उच्चारत नसे, 'पाय' म्हणत. पण पट्टीत श्रीनिवासांनी भरलेला जांभळा रंग इतका हुबेहूब होता, की कुणाला काही विचारायचं उरत नसे. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई तर म्हणाल्या, "आज जरा निळसर वाटतोय, नाही का हो?" त्रेचाळीस वर्षं अब्रूने राहिलेल्या बाईच्या मांडीचा रंग तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचावा, या विचाराने आनंदीने शाल आणखी वर ओढली. त्याने काही फरक पडला नाही. झाकायचं होतं ते भिंतीवर होतं.

हुस्नबानू आली तेव्हा तिने आलेखाकडे पाहिलंसुद्धा नाही. ती आनंदीची संघातली सोबतीण, आता एका शाळेची मुख्याध्यापिका. दोन वेळा पोहे घेतले आणि उठताना विचारलं, "खेळणार आहेस की नाही?"

"खेळणार."

"मग बाकीचं मला सांगू नकोस," असं म्हणून ती गेली. सबंध आठवड्यात औषध न सांगता गेलेलं ते एकच माणूस.

सोमवारी खरा घोळ झाला. प्रेमलाबाई दिवसभरासाठी बाहेर गेल्या होत्या, आणि सकाळी संपतराव आले, हातात डबा. डब्यात आंबेहळद, तुरटी आणि आणखी कायकाय घालून शिजवलेला दाट लेप. वाफ येत होती.

"ताई, सरांचं औषध. अडुसष्ट साली माझ्या मांडीला लावलं होतं, आठ दिवसांत पळायला लागलो. गरमागरम लावायचं."

आनंदी नको म्हणणार तेवढ्यात लोणी काळभोरहून गेनबा आले. हे पूर्वी खांबावर झेप घेण्यात पटाईत होते. आता उसाची शेती आणि भरपूर पोट. त्यांनी पिशवीतून एक वीट काढून दिवाणखान्यातल्या टेबलावर ठेवली.

"आनंदीताई, ह्ये लेपबिप ऱ्हाऊ द्या. सरांचं औषध म्हंजे वीट. माझ्याच भट्टीची हाय. तापवायची, फडक्यात घ्यायची, अन् दाबून चोळायचं. सरांनी सोता सांगितलेलं हाय."

"सरांनी वीट सांगितली?" संपतराव म्हणाले. "सर गणिताचे होते, गवंडी नव्हते."

"अन् तुमचं त्ये काय हाय डब्यात? पिठलं?"

वाद वाढला. दुपारी मकबूलभाई बर्फाची दुसरी लादी घेऊन आले आणि दोघांनाही खोटं ठरवायला लागले. तिघेही पन्नाशीच्या आसपासचे, तिघेही अण्णांच्या फोटोकडे हात करून शपथा घेत होते. आनंदी ऐकत होती. वर्षभरात अण्णांबद्दल लोक जे बोलले ते सगळं एका साच्यातलं होतं: शिस्तप्रिय, निगर्वी, आदर्श. आणि आज तीन माणसं, अण्णांनी त्यांच्या मांडीला नेमकं काय लावलं, यावर भांडत होती. तिला वाटलं, हे असंच संध्याकाळपर्यंत चालावं.

आणि नेमकी तिथेच ती फसली. देवस्थळीबाईंचे तीन 'नाही' तिला पाठ होते. पण "सरांचं औषध" म्हटल्यावर तिला नाही म्हणवेना. हे न लावणं म्हणजे अण्णांनी पुढे केलेलं काहीतरी नाकारणं, असं काहीतरी मनात आलं. तिने गेनबांकडून नीट समजून घेतलं. आणि पुरुष मंडळी चहासाठी गॅलरीत गेल्यावर, आतल्या खोलीत, शेजारच्या बाईंच्या हातून तिने आधी तापलेल्या विटेने दाबून चोळून घेतलं आणि वरून संपतरावांचा गरम लेप थापून घेतला. कुणालाच वाईट वाटायला नको. मकबूलभाईंना वाईट वाटू नये म्हणून नंतर थोडा बर्फही लावला.

त्या संध्याकाळी श्रीनिवासांनी कोनमापक लावला. मग काढून पुसला. पुन्हा लावला.

"काल ब्याऐंशी होता," ते म्हणाले. "आज अठ्ठावन्न."

मांडी पिवळीधमक होती, ती आंबेहळदीने. आणि हळदीच्या खाली ती टम्म सुजली होती. श्रीनिवास कधी कुणावर ओरडत नसत. त्यांनी फक्त आलेखावर ठिपका दिला आणि आधीच्या ठिपक्याला जोडला. वर चढत गेलेली रेघ एकदम दरीत कोसळली. ते पाहून आनंदीला पहिल्यांदा रडू आलं.

देवस्थळीबाईंनी दुसऱ्या दिवशी हळद पाहिली आणि चष्मा काढला.

"हे कुणी केलं?"

"वडिलांच्या विद्यार्थ्यांनी."

"वडील डॉक्टर होते?"

"गणिताचे शिक्षक."

"मग विद्यार्थ्यांना वजाबाकी तरी शिकवायला हवी होती. तुमच्या पंचवीस दिवसांतले सहा गेले. पुन्हा पहिल्यापासून बर्फ. आणि सामन्याचं माझ्याकडून काही वदवून घेऊ नका."

घरी आल्यावर आनंदी भिंतीकडे तोंड करून पडली. प्रेमलाबाई तांदूळ निवडत होत्या. निवडता निवडताच त्या म्हणाल्या,

"वीट कोण म्हणालं?"

"गेनबा. अण्णांनी सांगितलेली."

"सांगितली होती. तापवायची कुठे सांगितली होती? विहिरीत सोडून गार करायची होती. गेनबाच्या घरी विटा होत्या आणि विहीर होती. बर्फ घ्यायला पैसे नव्हते." त्यांनी एक खडा काढून बाजूला ठेवला. "संपतला सांगितली होती मुलतानी माती, माठातल्या पाण्यात कालवून. त्याची आई विकायची माती. मकबूलच्या घरी बर्फ होता, त्याला बर्फ सांगितला. ज्याच्या घरी जे गार सापडेल ते. पोरांना काही विकत आणायला लावायचं नाही, असा त्यांचा हिशेब होता."

"आणि मग हळद, तुरटी, तापवणं?"

"ते यांनी तीस वर्षांत घरच्या घरी घातलं. गार गोष्टीवर आपल्या लोकांचा भरवसा नाही. औषध म्हटलं की चटका बसला पाहिजे." त्यांनी आणखी मूठभर तांदूळ पुढे ओढले. "आणि खरं औषध तेही नव्हतं. खरं औषध म्हणजे आठ दिवस न पळणं. पण त्या पोरांना 'घरी बस' म्हटलं की ती मैदानावर हजर. म्हणून मांडीवर काहीतरी ठेवायला द्यायचे. विटेखाली माणूस पळत नाही."

आनंदी उठून बसली. तिला हसू यायला लागलं, आणि हसल्याने मांडी दुखत होती.

"मला काय द्यायचे गं? मी सोळा वर्षांची असताना लागलं होतं तेव्हा?"

"तुला गुणलेखक केलं होतं. आठ दिवस त्यांच्या शेजारी, पाय दुमडून, गोणपाटावर. तुझ्यावर दुसरं काही चाललं नसतं."

त्यानंतर मात्र आनंदीने अक्षरशः वीट ठेवल्यासारखी विश्रांती घेतली. श्रीनिवासांची रेघ दरीतून हळूहळू वर यायला लागली: चौसष्ट, सत्तर, एकोणऐंशी. जांभळा रंग गुडघ्याकडे उतरला, मग हिरवट झाला, मग पिवळा, आणि यावेळचा पिवळा खरा होता. नव्वद अंश ओलांडले त्या दिवशी श्रीनिवासांनी पेढे आणले आणि सबनिसांनाही दिले. सबनिसांनी ते घेतले, आणि संध्याकाळी चिठ्ठी आली: 'पेढे मिळाले. कारण कळले नाही. थेंब थांबले आहेत.'

कार्यालयाचा अडथळा त्या मानाने किरकोळ. रजेच्या अर्जात तिने 'खांबाला धडकून इजा' असं खरं लिहिलं, ही चूक झाली. तीन दिवसांत खुलासा मागवला गेला: सदर खांब शासकीय होता किंवा कसे, आणि सदर कर्मचारी कार्यालयीन वेळेनंतर कोणत्या प्रयोजनार्थ धावत होत्या. तिने उत्तर पाठवलं: खांब खासगी, प्रयोजन कौटुंबिक. ते मान्य झालं.

विसाव्या दिवशी आनंदी देवस्थळीबाईंच्या दवाखान्यात, फरशीवर, एका हाताने टेबल धरून, उकिडवी बसली. मग हात सोडला. बाई घड्याळ बघत होत्या.

"दुखतंय?"

"ताण आहे. दुखत नाही."

"जोराने पळून दाखवा दारापर्यंत आणि परत." दवाखान्याबाहेरच्या बाकावरच्या खोकणाऱ्या मंडळींनी पाय आवरले, आणि आनंदी जाऊन आली. बाईंनी तिला दोनदा पळवलं, मांडी दाबून पाहिली आणि चिठ्ठी लिहिली. "खेळा. पण खांबाला मान द्या."

आता काही अडचण नाही असं वाटलं, म्हणजे संपतरावांची ओळख अजून नीट झाली नव्हती. मंडळात तंदुरुस्तीचा छापील अर्ज भरल्याशिवाय कुणालाही उतरवत नसत, आणि अर्ज होते ते सोळा वर्षांखालच्या स्पर्धेचे. आनंदीने 'इयत्ता' या रकान्यात 'जुनी अकरावी, उत्तीर्ण' लिहिलं. 'पाल्याची आवड' रिकामी सोडली. शेवटी होतं: पालकाची सही.

श्रीनिवासांनी पेन उघडलं.

"नवरा पालक होत नाही," संपतराव म्हणाले.

"संपतराव, मी त्रेचाळीस वर्षांची आहे."

"ताई, नियम सरांचा आहे. सहीशिवाय मैदानात पाऊल नाही. तुम्हाला आठवतं का, पासष्ट साली तुमच्याच अर्जावर सही नव्हती, तर सरांनी तुम्हाला परत घरी पाठवलं होतं? तुम्ही म्हणालात, 'अण्णा, इथेच करा ना सही.' सर काय म्हणाले?"

आनंदीला आठवत होतं. अण्णा म्हणाले होते, 'मी इथे प्रशिक्षक आहे. तुझे वडील रात्री साडेआठला घरी भेटतील.' आणि साडेआठला, आमटी-भात खाता खाता, डाव्या हाताने कागद सरकवून घेऊन, तिची सगळी हकीकत पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी ऐकून घेऊन, त्यांनी सही केली होती.

संपतरावांना आपण काय विचारून बसलो ते उशिरा कळलं. ते अर्ज मागे घ्यायला हात पुढे करत होते. तेवढ्यात प्रेमलाबाईंनी तो त्यांच्या हातातून घेतला, चष्मा लावला आणि वरपासून खालपर्यंत सावकाश वाचला. 'नाते' या रकान्यात लिहिलं, 'आई'. मग सही केली. 'पालकांचा शेरा' म्हणून एक ओळ होती, तीही त्यांनी सोडली नाही. लिहिलं: 'खेळू द्यावे. ऐकणार नाही.'

रविवारी सकाळी मैदानावर दोनेकशे माणसं होती. भाषण झालं नाही. शिट्टी झाली आणि आनंदीचा संघ पाठलागाला बसला: आठ जण रांगेत उकिडवे, एकाआड एक उलट्या दिशेला तोंडं करून, आणि नववे मकबूलभाई मागे धावणारे. पाळी सात मिनिटांची.

पहिलं मिनिट गेलं. मकबूलभाई आनंदीच्या मागून धापा टाकत आले, क्षणभर थबकले आणि पुढे जाऊन गेनबांना खो देते झाले. गेनबा आले, तिच्या मागून गेले, परतले, आणि संपतरावांना उठवलं. संपतराव तर तिच्या मागे येऊन "ताई, ठीक आहे ना?" असं विचारून गेले. एवढ्यात विरुद्ध बाजूचा एक गडी निवांत चालत खांबापर्यंत जाऊन आला.

तिसऱ्या मिनिटाला आनंदीच्या लक्षात आलं. यांनी ठरवलंय. सगळ्यांनी मिळून, तिला न सांगता, अत्यंत प्रेमाने ठरवलंय, की सरांच्या मुलीला उठवायचं नाही. चौथं मिनिट गेलं. मांडी भरून आली, थरथरायला लागली. हे म्हणजे एकशे तीस अंशांवर सात मिनिटं बसवून ठेवणं. यापेक्षा पळणं सोपं. तिला ओरडून सांगता येत नव्हतं, कारण बसलेल्याने बोलायचं नसतं. मागे वळून बघता येत नव्हतं, कारण अण्णांनी ती सवय लहानपणीच मोडली होती. 'मागून कोण येतंय ते बघायचं नाही. शब्द ऐकू आला की उठायचं. नाही आला तर बसायचं.' ती बसली. समोर मैदानाची कड, खुर्च्या, खुर्चीवर आई, आईच्या शेजारी काखेत मोठा कोनमापक घेऊन श्रीनिवास.

सहावं मिनिट चालू होतं. मागे पावलं वाजली, जड आणि घाईची. ती पुढे जातील म्हणून आनंदी थांबली.

"खो!"

आणि पाठीवर असा सणसणीत तळवा बसला, की औषध सांगणाऱ्या कुणाचीही तसा मारायची हिंमत झाली नसती. हुस्नबानू.

आनंदी उठली. उठताना मांडीचं काय झालं ते तिला आठवत नाही. समोर बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, ते दचकून खांबाकडे पळाले, तीही पळाली. ते वळले. तिने हात टाकला, खांब धरला. आणि या वेळी बाकीची आनंदीही हाताबरोबर वळली. गृहस्थांच्या सदऱ्याला तिची बोटं लागली तेव्हा पंचांची शिट्टी वाजली. बाद.

खुर्च्यांमधून देवस्थळीबाईंचा आवाज आला, "आता दुखेल."

"दुखू दे," प्रेमलाबाई म्हणाल्या. "बसून होती तेव्हा जास्त दुखत होतं."

सामना त्यांचा संघ दोन गुणांनी हरला. आनंदीला उठवायला अडीच मिनिटं आधी सुरुवात केली असती तर जिंकला असता, असं हुस्नबानूने सगळ्यांना मुख्याध्यापिकेच्या आवाजात ऐकवलं, आणि पन्नाशीची तीन माणसं माना खाली घालून उभी राहिली.

संध्याकाळी श्रीनिवासांनी शेवटचं माप घेतलं. एकशे अडतीस. कागद एकशे तीसच्या जरा वर संपत होता, म्हणून त्यांनी वर आणखी एक तुकडा चिकटवला आणि ठिपका दिला. मग जरा मागे होऊन पाहिलं, आणि आता काम झालं म्हणून आलेख खिळ्यावरून काढायला हात घातला.

"राहू द्या तो, श्रीनिवासराव," प्रेमलाबाई म्हणाल्या. "त्यांना आकडे आवडायचे."